सातशे वर्षांचा राजा आणि शेवटची होडी

माझ्या मुलीचं आणि माझं बोलणं हळूहळू आटत गेलं होतं. भांडण वगैरे काही नाही. जेवलात का, गोळी घेतली का, एवढ्यावर आमचं भागायचं. येत्या गुरुवारी ती नोकरीसाठी बेंगळुरूला जाणार होती आणि ही अशीच निघून जाईल, मग काही बोलायचं राहूनच जाईल, अशी मला धाकधूक होती.

हीच मुलगी दर रविवारी दुपारी तीन-तीन तास बोलायची. खारघरच्या कॉलेजातले तिचे चार दोस्त आमच्या पनवेलच्या घरी जमायचे. जेवणाच्या टेबलावर नकाशे, पेन्सिली आणि वीस बाजूंचे फासे. पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं. समोर डोंगर आहे, राक्षस आहे की बंद दरवाजा, ते माझी मुलगी सांगणार. मग हे म्हणणार, आम्ही अमुक करतो. फासा टाकायचा, तो पडेल तशी गोष्ट पुढे सरकायची. मी हॉलमध्ये पेपर तोंडासमोर धरून सगळं ऐकायचो. पेपरचं एकच पान दीड तास कसं पुरतं, असं मला कुणी विचारलं नाही.

त्यांच्यात एक राजा होता. एल्फ नावाच्या जमातीचा, टोकदार कानांचा, मोठा लढवय्या, वय वर्षं सातशे. त्याला खेळवणारा मुलगा परदेशी गेला आणि नेमका शेवटच्या रविवारी राजा बेवारशी झाला. आता त्याला कोण खेळणार, अशी चर्चा चालली होती, तेव्हा मला राहवलं नाही. मी बसल्या जागेवरून विचारलं, सातशे वर्षं जगणारा माणूस गादी सोडतो कधी? की मुलगा सहाशे वर्षांचा झाला तरी युवराजच? त्याला दाढी येते का? आणि साध्या माणसांशी दोस्ती केली, तर त्यांच्या पणतवंडांपर्यंत सगळ्यांच्या तेराव्याला जावं लागत असेल, त्याचं तो काय करतो?

"बाबा, एवढं कुतूहल असेल तर तुम्हीच बसा," मुलगी म्हणाली.

बसलो. राजाचा एक कागद होता. त्यावर तलवार, चिलखत, जुन्या जखमा आणि कुटुंबात एक मुलगी, असं सगळं लिहिलेलं. आईविना वाढलेली राजकन्या. प्रसंगही मुलीने समजावून सांगितला. खाडीकाठचं शहर आहे, शत्रूची फौज सकाळपर्यंत वेशीवर येणार. राजाने तलवार उपसून बाहेर पडावं आणि लढता लढता मरावं, अशी सगळ्यांची अपेक्षा दिसत होती. राजाला साजेसा शेवट करायचा, असं त्यांचं आधीच ठरलं होतं.

मी पहिला प्रश्न विचारला, होड्या किती?

सवय जाते कुठे? तीस वर्षं मी एसटी स्टँडवर कंट्रोलर होतो. गणपतीच्या जादा गाड्या सोडण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. शहर म्हटल्यावर मला तलवार दिसेना, माणसं दिसायला लागली. लेकुरवाळ्या किती, आजारी किती, म्हातारे किती, ते मी विचारत सुटलो. मुलीने वही चाळली. तिने असलं काहीच लिहिलेलं नव्हतं, ती जागच्या जागी ठरवून सांगत गेली. तिच्या दोस्तांपैकी एकजण उरणकडचा, घरची मासेमारी. तो खेळात बुटका लोहार होता, पण आता लोहारकी सोडून माझ्या मदतीला आला.

"काका, ओहोटीला होडी चिखलात बसंल," तो म्हणाला. "भरती हाय तवर काढा."

मला हा मुलगा फार आवडला. आम्ही दोघांनी रांगा लावल्या. गर्दीत चेंगराचेंगरी होणार का, यासाठी फासा टाकायला लागला. मी राजाला पिंपावर उभं केलं आणि फासा टाकला, एकोणीस पडले. लोक शांत झाले म्हणे. मला प्रश्न पडला की का झाले असतील? मग वाटलं, याने प्रत्येकाचा पणजोबा पाहिलेला, त्याच्यापुढे आवाज कोण चढवणार! आम्हाला स्टँडवर ही सोय नव्हती.

शेवटची होडी लागली. जागा एकच उरली होती. धक्क्यावर दोघी, एक म्हातारी कुंभारीण आणि राजकन्या.

मी क्षणभरही विचार केला नाही. आमच्यात एक रीत होती, कुणी कागदावर लिहिली नव्हती. गर्दीच्या दिवसांत कंट्रोलरच्या घरचं माणूस सगळ्यात शेवटी. नाहीतर लोक म्हणतात, यांनी आपल्या माणसांच्या खिडक्या आधीच धरून ठेवल्या. मी सांगितलं, म्हातारी बसेल, होडी सोडा. दोस्त खूश झाले.

"आणि राजकन्या?" मुलीने विचारलं.

राजाच्या घरचं माणूस शेवटी, मी ऐटीत म्हणालो.

तिने पेन्सिल खाली ठेवली. "मी तेव्हा आठ वर्षांची होते, बाबा."

दोस्तांना काही कळलं नाही. मला लगेच कळलं. त्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी ती आणि तिची आई बॅगा घेऊन स्टँडवर आल्या होत्या. दोघींची तिकिटं काढलेली होती. चुकीच्या तारखेचं तिकीट घेऊन एक बाई आली, कडेवर तान्हं मूल, बरोबर थकलेले सासरे. मी आमच्या दोन जागा त्यांना दिल्या आणि या दोघींना रिक्षात बसवून घरी पाठवलं. त्या वर्षी त्या गावाला गेल्याच नाहीत. ही गोष्ट मी किती ठिकाणी सांगितली असेल! निवृत्तीच्या समारंभातसुद्धा सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलीलाही बापाचा अभिमान वाटत असेल, असं मी धरून चाललो होतो.

मला वाईट वाटलं आणि लाजही वाटली. मी म्हणालो, हुकूम बदलतो, राजकन्येला बसव. ती म्हणाली, होडी सुटली. बरोबरच होतं. सुटलेली गाडी परत येत नाही, हे मी आयुष्यभर लोकांना खिडकीतून ओरडून सांगितलं आहे.

मग मी विचारलं, राजकन्येला काय हवं होतं? राजाने ते विचारलंच नाही.

तिने नकाशातल्या धक्क्यावर बोट ठेवलं.

"तिला होडी नकोच होती," ती म्हणाली. "तिला तुमच्या केबिनमध्ये थांबायचं होतं, माईकशेजारी. गावाला नसतो गेलो तरी चाललं असतं. तुम्ही रिक्षात बसवलंत आणि वळून बघितलंही नाहीत."

मी म्हणालो, मग राजा तिला वेशीवर घेऊन जातो, स्वतःच्या शेजारी बसवतो. याला फासा टाकावा लागेल का? ती म्हणाली, नाही लागणार. आणि तिने विचारलं, त्या दिवशी सगळ्या गाड्या सुटल्यावर तुम्ही तिथे काय करत होतात? घरी किती उशिरा आलात.

शत्रू वेशीवर ताटकळला होता, तिघं दोस्त फासे हातात धरून बसले होते. मी खरं ते सांगून टाकलं. काम कधीच संपलं होतं. मी नुसता बाकावर बसून राहिलो, घरी पोचेपर्यंत तू झोपलेली असावीस म्हणून.

"मी जागीच होते," ती म्हणाली.