मामांची ठशांची फी

फी भरणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. पण ती कशाची हे कळल्याशिवाय ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही असा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामा मानपाड्याला राहतात. उभी हयात त्यांनी मालवाहू बोटींच्या इंजिनरूममध्ये काढली. तिथे प्रत्येक नट कशासाठी आहे हे विचारायची सवय लागली, ती जमिनीवर आल्यावरही सुटली नाही. हॉटेलात बिल आलं की आम्ही बडीशेप खातो. मामा वेटरला समोर बसवून सर्व्हिस चार्जचा अर्थ विचारतात. माझ्याच लग्नात त्यांनी हॉलवाल्याला सफाई शुल्क कशाचं म्हणून गाठलं, आणि तो गडबडला तेव्हा सरळ झाडू मागवून सुटाबुटात कामाला लागले. मुहूर्त टळतो की काय म्हणून माझे वडील घामाघूम झाले होते. मामांचं म्हणणं एकच. "पैसे द्यायला माझी ना नाही, जावईबुवा. पण कशाचे ते कळू दे ना."

बोटीवर काम करणाऱ्याला बंदरात ये-जा करायला बोटांच्या ठशांचं एक ओळखपत्र लागतं. त्याच्या फीवर तर मामांचा गाढा अभ्यास. बोटीवर जाऊ पाहणारी आसपासची मंडळी एजंटकडे जायच्या आधी मामांच्या गॅलरीत हजेरी लावतात. मामा कागदावर रेघा मारून दाखवतात: ही अर्जाची, ही ठशांची, ही कार्ड छापायची, ही टपालाची. "आणि ही अर्जंटची. ही एजंटच्या पोटाची. ही खोडायची."

स्वतःचं ओळखपत्र मात्र ते निवृत्तीनंतरही मुदत संपली की नवं करत आले. आता कुठलीही बोट आपल्याला बोलावणार नाही, हे त्यांनाही पक्कं माहीत. मग हा खटाटोप कशाला, असं मी एकदा विचारलं. "त्याच्यावर खलाशी लिहिलेलं असतं हो. बाकी सगळ्या कागदांवर मी नुसता सीनिअर सिटिझन."

यंदा मुदत संपत आली तेव्हा मीच त्यांना गाडीने कचेरीत घेऊन गेलो. खिडकीतल्या मुलीला फीची एकेक ओळ विचारून, एकदोन तिला समजावूनही देऊन, त्यांनी पैसे भरले. मग ठसे. मशीनने अंगठा घेतला नाही. दुसराही घेतला नाही. मुलीने त्यांची दहाही बोटं ओल्या फडक्याने पुसली, स्वतः उठून येऊन काचेवर दाबून धरली. अर्धा तास गेला. इतक्या वर्षांच्या ग्रीसने, गरम पाइपांनी आणि वयाने बोटं गुळगुळीत झाली होती.

"काका, नाही येत आहे हो. ठशांशिवाय कार्ड नाही निघणार," ती ओशाळून म्हणाली. "आणि फी पण रिफंड नाही होत."

आता इथे महाभारत होणार म्हणून मी दोन पावलं मागे सरलो. मामा फक्त "बरं" म्हणाले आणि पावती घेऊन गाडीत येऊन बसले. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये आम्ही तासभर अडकलो, तेवढा वेळ ते पावतीची घडी घालत आणि उलगडत बसले. मला ते पाहवेना. शेवटी त्यांचाच प्रश्न मी त्यांना विचारला. "मामा, ठसा मिळालाच नाही, मग ही ठशांची फी कशाची?"

मामांनी चष्मा लावला. पावतीवरच्या त्या ओळीवरून गुळगुळीत अंगठा फिरवला.

"शोधायची, जावईबुवा," ते म्हणाले. "पोरीने अर्धा तास शोधला. मिळाला नाही, त्याला ती काय करणार."