कचरा न सोडणारी जहाजं

दूध उतू जायच्या बेतात असताना दार वाजलं. दुभाषीबाईंनी गॅस बंद करून दार उघडलं. बाहेर बंदराचा मुकादम, घामाघूम.

"वहिनी, जहाजं कचरा देईनात."

जहाजांनी कचरा समुद्रात न टाकता बंदरावर उतरवायचा, असा करार शेजारशेजारच्या तीन देशांनी मिळून केला होता. त्याचा मराठी मसुदा बाईंचा. भाजीची परडी बाजूला सारून जेवणाच्या टेबलावर केलेला. तेव्हापासून त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. सासूबाईंनी चहा मागितला तरी "आंतरराष्ट्रीय काम चाललंय" असं उत्तर मिळायचं.

"का देईनात?"

"तुमचं वाक्य दाखवतात." मुकादमाने मोबाइल पुढे केला. "'कोणतेही जहाज आपला कचरा सोडणार नाही.' एक कप्तान तर म्हणाला, सोडायचा नाही म्हणजे नाही, आम्ही करार पाळणारी माणसं. डेकवर पोत्यांचा ढीग, वर माश्या. दुपारच्या भरतीला जहाज निघेल. मग ती पोती कुठे जातील, सांगायला नको."

आतून सासूबाई म्हणाल्या, "आमची सूनबाई जुनी वर्तमानपत्रं सोडत नाही. तिला वाटलं, सगळं जग तसंच."

बाईंनी वाक्य पुन्हा वाचलं. मुळात तिथे 'समुद्रात' हा शब्द होता. परिच्छेदात तो सारखा येत होता, कानाला खटकला, म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने गाळला. वर नवऱ्याला ऐकवलं, भाषेला डौल हवा. आता तो डौल डेकवर कुजत होता.

"तुम्ही तोंडी सांगा ना त्याला."

"सांगितलं. छापील दाखवा म्हणतो. आणि छापील बदलायचं तर तिन्ही देशांच्या साहेबांचा होकार हवा. ते फोनवर थांबलेत. म्हणाले, ज्याने घोळ घातला त्यानेच सांगावं."

कॉलेजात वक्तृत्वाची ढाल जिंकलेल्या बाईंनी आधी दुधावर झाकण ठेवलं. बाकी दोन भाषांतले मसुदे बिनचूक होते. तीन देशांत अतिशहाणी निघाली ती एकटी आपणच.

पदराला हात पुसत त्यांनी मनात लांबलचक प्रस्तावना जुळवली. शैलीवर दोन वाक्यं घातली. मग तीही गाळली. गाळायला हात सरावलेला होताच. त्यांनी फोन कानाला लावला.

"साहेब, चूक माझी आहे. त्या कलमात 'समुद्रात' एवढा एक शब्द मला परत घालू द्या."