भावकीबाहेरची बाई

बाबांनी जन्मभर गावदेवी माता मायची सेवा केली आणि तिनं त्यांना ऐन नवरात्रातच नेलं. सकाळी देवळातल्या दिव्यात तेल घालून ते घरी आले, ओट्यावर टेकले, छातीत दुखतं म्हणाले आणि थोड्याच वेळात गेले. बोटांवरचा तेलाचा वासही गेला नव्हता, असं माझी माय नंतर सांगायची. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी वर्ध्याला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या घराण्यात तिथवर पोहोचलेला मी पहिलाच. निरोप मिळाल्यावर एसटीत समुद्रपूर येईपर्यंत एकच विचार मनात घोळत होता, की अशा देवीला मी आता हात जोडणार नाही.

आमचं गाव लहान. माता मायचं देऊळ म्हणजे नाल्याच्या काठी, कडुनिंबाखाली, एक खोली आणि शेंदूर लावलेली मूर्ती. नवरात्रात तिथं घट बसतो आणि दसऱ्यापर्यंत दिवा तेवत ठेवावा लागतो. दर वर्षी एका घराची पाळी असते. त्या वर्षी ती आमची होती. गावातली बहुतेक घरं एकाच भावकीची, म्हणून बाबा गेले तसं सुतक आमच्या एकट्याच्या घरी नाही, सगळ्या गावाला लागलं. घटाला पाणी घालायला, दिव्यात तेल घालायला कोणी उरलंच नाही. पलीकडच्या बौद्ध वस्तीतल्या लोकांनी देवदेव कधीच सोडला होता. त्यांना हे काम सांगणं बरं दिसलं नसतं. तरी चूल बंद असलेल्या आमच्या घरी भाकरी आली ती त्यांच्याकडूनच.

अंत्यविधी आटोपून आम्ही परतलो तेव्हा माय अंगणात बसली होती. तिचे हात रिकामे झाले होते. बांगडी फुटताना मनगटाला लागलेला ओरखडा अजून ताजा होता. ती रडत नव्हती. आमचं घर गावाच्या टोकाला, त्यामुळे अंगणातून देवळातला दिवा दिसायचा. ती नुसती त्याच्याकडे पाहत होती. तो बाबांनी लावलेला होता. विझला आणि नंतर कोणी लावला, तरी तो दुसरा दिवा झाला असता.

थोरले काका म्हणाले, "यंदा गेला तं गेला दिवा. मातेले काय सुतक समजत नाई?"

मी मायजवळ बसून हळूच म्हटलं, "मी टाकून येतो तेल. कोणाले दिसते?"

"मले दिसते ना, बापू," ती म्हणाली.

संध्याकाळ होता होता ज्योत बारीक झाली. माय पदर तोंडात धरून बसली. मी मान फिरवली. पुन्हा पाहिलं तर ज्योत मोठी झाली होती.

थोड्या वेळानं आमच्या कुंपणाशी एक बाई आली. डोक्यावर बांगड्यांची टोपली, दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा. नवरात्र म्हणून बांगड्या भरायला ती त्याच दिवशी गावात आली होती. गावावर असं संकट आलेलं, तिच्याकडून कोण बांगड्या भरणार? शेवटची एसटी चुकली म्हणून ती देवळाच्या ओट्यावर टेकली होती. तिनं बाहेरूनच विचारलं, "माय, दिव्यात तेल टाकलं मी. घटाले पाणी सकाळी टाकता का सांजच्याले?"

काका दचकले. "तू कोण वं? कोणाले इचारून आत गेली?"

"मी भावकीतली नाई, दादा. मले चालते."

माय म्हणाली, "सकाळी. आंघोळ करून."

दसऱ्यापर्यंत ती देवळातच राहिली. दिवसा आसपासच्या गावांत फिरून बांगड्या विकायची, सांजेला परत यायची. वस्तीतल्या एक काकू आमच्यासोबत तिलाही भाकरी द्यायच्या. रोज सकाळी ती कुंपणाबाहेर, शिवाशिव होणार नाही इतक्या अंतरावर उभी राहायची आणि मायला सांगायची, "अंकुर आले." "पिवळे पडून राह्यले, पण उभे हायेत." तेवढं ऐकून माय दोन घास खायची. मी मात्र देवळाकडे फिरकलोही नाही.

दसऱ्याला तिनं घट उठवला. त्या संध्याकाळी ती कुंपणाशी थांबली नाही. सरळ आत आली आणि मायच्या शेजारी बसली.

माय म्हणाली, "सणाचे दिवस गेले तुये आमच्यापायी. घरधनी वाट पाहत असन."

तिनं आपल्या चुड्यावरून हात फिरवला. "हे धंद्याचं हाये, माय. रिकाम्या हातानं बांगड्या कोण भरून घेईन? माह्यावालेबी नवरात्रातच गेले. गावचा दिवा आमच्याकडंच होता. विझला तो. मी पाहत बसली."

मग तिनं मायचा उजवा हात आपल्या हातात घेतला. बांगडी चढवण्याआधी कासारीण जसा हात मऊ करते, अंगठ्याशी, बोटांच्या मुळांशी दाबत, तसा ती दाबत राहिली. चढवायला काही नव्हतं. तरी किती तरी वेळ ती दाबत होती. बाबा गेल्यापासून माय पहिल्यांदा रडली. मी दाराआडून ऐकत होतो. माझे हात केव्हा जुळले, ते मला कळलं नाही.

सकाळच्या एसटीनं ती गेली. नाव विचारायचं राहिलंच. नंतर गिरडच्या यात्रेत, समुद्रपूरच्या बाजारात माय प्रत्येक बांगडीवालीच्या तोंडाकडे पाहायची. ती पुन्हा भेटली नाही. ती कोण होती, हे मी ठरवत नाही. मायनंही ठरवलं नाही. बाबांना परत आणण्याचं माता मायच्या मनात नव्हतं. आम्ही एकटे पडू नये, एवढं मात्र तिच्या मनात असावं. मागितलेलं मिळालं नाही, तरी मिळालेल्यापुढे मान लवते, हे मी पुस्तकांत नाही, त्या अंगणात शिकलो.

पुढे माय होती तोवर, दर नवरात्रात ती जाणाऱ्या-येणाऱ्यांना विचारायची, कोणत्या गावात, दिव्याची पाळी असलेल्या घरी सुतक पडलं का. पडलं असेल तर पिशवीत तेलाची बाटली घालून ती चालत निघायची. अनोळखी दारात कोणी विचारलंच, की बाई, तू कोण, तर सांगायची,

"मी भावकीतली नाई. मले चालते."