सांबाराच्या बातमीचं शेपूट

“हे कोणं लिहिलं?”

शोभाताईंनी पेपर माझ्या टेबलावर आपटला. लिहिणाऱ्याचं नाव लेखावरच होतं, फोटोसकट. फोटो बराच जुना, भरगच्च केसांचा असल्यामुळे त्यांनी मला ओळखलं नव्हतं, एवढंच.

“मीच,” मी म्हणालो.

“तुमी? मंग सांगा भाऊ, आता माह्या तीनशे वड्या कशा होतीन?”

मी नागपुरातल्या एका मराठी दैनिकात व्यापाराचं पान सांभाळतो. दर गुरुवारी त्या पानावर माझं एक छोटं सदर असतं. त्या आठवड्यातली एखादी साधी बातमी घ्यायची आणि तिच्यामागचं अर्थशास्त्र घरगुती भाषेत सांगायचं. लग्नाच्या हॉलचं भाडं, ऑटोचा रेट, आंब्याची पेटी, काहीही चालतं. संपादकसाहेबांना मात्र ते सदर डोळ्यांत खुपत होतं. “वाचतं कोण हे?” असं ते दर सोमवारच्या मीटिंगला विचारायचे. त्या जागेवर राशिभविष्य मोठं करायचा त्यांचा विचार होता.

म्हणून त्या आठवड्यात मी जरा हुशारी करायला गेलो.

सोनं महागणार अशी चर्चा होती आणि सराफाकडे गर्दी उसळल्याची बातमी आली होती. यातली संकल्पना सोपी आहे. अर्थशास्त्रात तिला ‘अपेक्षा’ म्हणतात. एखादी वस्तू उद्या महागेल असं सगळ्यांना वाटलं, की सगळे ती आजच घ्यायला धावतात. धावतात म्हणूनच ती महागते. सोनं काही रोज कोणी घेत नाही, म्हणून मी उदाहरण स्वयंपाकघरातलं घेतलं. सांबाराचं. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. हिवाळ्यात इकडे तो ढिगानं येतो आणि भाजीवाला भाजीसोबत मूठभर फुकट टाकतो.

लेखाची सुरुवात मी हुबेहूब बातमीसारखी केली. येत्या काही दिवसांत सांबार महागणार, आवक घटण्याची चिन्हं, गृहिणींनी आताच विचार करावा, वगैरे. आणि शेवटच्या परिच्छेदात गंमत उघड केली : ‘वरची बातमी मी बसल्या जागी बनवली आहे. सांबाराची आवक उत्तम आहे. पण वाचताना “आजच दोन जुड्या घेऊन टाकू” असं तुमच्या मनात आलं ना? त्यालाच अपेक्षा म्हणतात.’ लिहून झाल्यावर मी स्वतःवरच खूश होऊन दोन कप चहा प्यायलो.

आता पेपरच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे मजकूर कापायचा झाला तर खालून कापतात. बातमीत महत्त्वाचं ते आधी लिहायचं, बिनमहत्त्वाचं शेवटी, ही शिस्त पहिल्या दिवसापासून अंगात मुरवतात. त्यामुळे जागा कमी पडली की डेस्कवरचा माणूस डोळे मिटून शेपूट उडवतो. बुधवारी दुपारी साड्यांच्या सेलची जाहिरात ऐन वेळी आली आणि माझ्या सदराचे दोन इंच गेले. डेस्कवर चौधरी होते. पंचवीस वर्षांचा अनुभव, शिस्तीचा माणूस. त्यांनी शेवटचा परिच्छेद काढला आणि वर ठसठशीत हेडिंग दिलं : ‘सांबार कडाडणार!’

गुरुवारी सकाळी नऊच्या आत त्या कात्रणाचा फोटो आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होता. दुपारी गल्लीतल्या भाजीवाल्यानं फुकटची मूठ बंद केली. संध्याकाळी घरी गेलो तर फ्रिजमध्ये सांबाराच्या सहा जुड्या.

“एवढ्या कशाला?” मी बायकोला विचारलं.

“तुम्हीच तर लिहिलं, महागणार म्हणून!”

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण माझं सदर तिनं पहिल्यांदाच वाचलं होतं. मला रडावं की हसावं कळेना.

शुक्रवारी सांबाराचा भाव तिप्पट झाला आणि शोभाताई ऑफिसात आल्या. महाल भागातल्या एका गल्लीत त्या घरीच सांबारवडी करून विकतात. बेसनाच्या पातळ पोळीत सांबार, खोबरं, खसखस आणि मसाला भरायचा, पुडी बांधायची आणि तळायची. रविवारी कामठीला एका साखरपुड्यात त्यांच्या तीनशे वड्या जायच्या होत्या. भाव आधीच ठरलेला. आजवरची त्यांची सगळ्यात मोठी ऑर्डर होती. वड्या पसंत पडल्या तर त्याच घरचं लग्नही त्यांनाच मिळणार होतं.

“आजच्या भावानं घेतलं तं माह्या हाती काहीच नाही उरत,” त्या म्हणाल्या. “अन् नाही म्हणून सांगतलं तं पुन्हा कोण बोलावते मले?”

इथेही अर्थशास्त्रच होतं. सांबार महागला तर बाकीच्या बायका मुठीऐवजी चिमूटभर टाकतात, किंवा टाकतच नाहीत. त्यांची मागणी लवचीक, म्हणजे भावाप्रमाणे वाकणारी. सांबारवडी करणाऱ्या बाईची मागणी वाकत नाही. तरी मी बावळटासारखं बोलून गेलोच, “थोडा पालक मिसळला तर?”

“पालक?” शोभाताईंनी मला नीट न्याहाळलं. “पावणे एक घास खातीन अन् मले विचारतीन, वडी कुठं हाये वं?”

आवाज ऐकून साहेब केबिनबाहेर आले. मला वाटलं, आता सदर गेलं. पण साहेबांचा चेहरा फुललेला होता. “सकाळपासून फोन घेतोय,” ते म्हणाले. “लोक वाचतात की हो तुम्हाला!” मग शोभाताईंकडे बघून त्यांनी चेहरा गंभीर केला. “रविवारच्या अंकात खुलासा देऊन टाका.”

“खुलासा गेला चुलीत,” शोभाताई म्हणाल्या. “मले एकच सांगा. सांबार आज घेऊ का उद्या?”

मी इतकी वर्षं लोकांना अर्थशास्त्र समजावतो आहे. पण एवढा सरळ प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. त्याचं उत्तर चुकलं तर खुलासा छापून भागणार नव्हतं.

मी बंडूभाऊंना फोन लावला. ते कॉटन मार्केट या भाजीच्या ठोक बाजारात अडते आहेत, म्हणजे शेतकऱ्यांचा माल लिलावात विकून देतात आणि त्यावर आपली अडत घेतात.

“बंडूभाऊ, उद्या सांबाराचं काय?”

“काय सांगू राजेहो! कालपासून फोन कानाचा निघून नाही राहिला. जो तो शेतकरी विचारते, भाव चढला का म्हणून. एक तं म्हणे, पुढच्या हप्त्यात काढणार होतो, आता उद्या पहाटेच गाडी आणतो.”

“किती जण असं म्हणाले?”

“मोजले नाही गा. पण सारेच म्हणून राहिले.”

फोन ठेवला आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. मी फक्त घेणाऱ्यांचाच विचार करत होतो. पण पेपर वावरातही जातो. तिथेही तेच हेडिंग वाचलं गेलं होतं, आणि तिथेही लोकांनी तेच केलं होतं, घाई.

“उद्या घ्या,” मी शोभाताईंना म्हणालो.

“पक्कं?”

“पक्कं.”

“मंग पहाटे पाच वाजता तुमी बी संगं या. भाव नाही उतरला तं साऱ्या बाजाराले दाखवीन, सांबारवाला पेपरवाला हाच म्हणून.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. पहाटे स्कूटर काढून बाजार गाठला, तर शोभाताई गेटवर उभ्याच होत्या.

बाजाराच्या गेटमधून आत शिरलो आणि आधी वासच आला. ताज्या सांबाराचा, नाकात भरून राहणारा. मग दिसलं. पोत्यांत सांबार, गाड्यांवर सांबार, जागा पुरली नाही म्हणून रस्त्यावर ताडपत्री टाकून सांबार. बंडूभाऊ लिलावात ओरडून ओरडून घसा बसवत होते आणि बोली वर चढायचं नाव घेत नव्हती. भाव गुरुवारच्याही खाली गेला होता. मला तिथल्या तिथे उडी मारावीशी वाटली. शोभाताईंनी मात्र आनंद अजिबात दाखवला नाही. पडलेल्या भावातही पंधरा मिनिटं घासाघीस केली, दोन पोती घेतली आणि वर मूठभर हिरव्या मिरच्या फुकट मागून घेतल्या. ऑटोत बसल्यावरच त्या हसल्या. “भाऊ, तुमाले थोडंसं तं समजते,” म्हणाल्या. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं सर्टिफिकेट आहे.

मी परत वळलो तेवढ्यात एका शेतकऱ्यानं मला गाठलं. बंडूभाऊंनी माझी ओळख उघड केली होती. आता शिव्या बसणार असं धरून मी उभा राहिलो, आणि त्या बसायलाही हव्या होत्या. माझ्या हेडिंगपायी त्याचा माल मातीमोल गेला होता.

“तुमीच का ते पेपरवाले?”

“हो. चूक झाली, काका.”

“चूक तुमची, पण भोगलं म्या. सारा सांबार आणून टाकला न!” त्यानं आजूबाजूला बघितलं. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, “जाऊ द्या. पुढच्या गुरुवारी मेथी महागते म्हणून लिहा. सारे शनिवारी आणतीन, मी शुक्रवारीच इकून टाकतो.”

अपेक्षा ही संकल्पना माझ्यापेक्षा त्याला जास्त कळली होती.

रविवारी कापलेला परिच्छेद आम्ही चौकटीत छापला, वाचकांची आणि शेतकऱ्यांची माफी मागून. सोमवारच्या मीटिंगला शोभाताईंकडून वड्यांचा डबा आला. साखरपुडा झकास झाला होता आणि लग्नाची ऑर्डरही मिळाली होती. साहेबांनी तीन वड्या खाल्ल्या आणि राशिभविष्याचा विषय काढला नाही. चौधरी बशीतली वडी उलटसुलट करत होते. “मी नियमानंच कापलं,” ते म्हणाले. ते खरंच होतं. महत्त्वाचं शेवटी ठेवण्याची हुशारी माझी होती. मी त्यांच्या बशीत आणखी एक वडी ठेवली.

तेव्हापासून माझ्या कॉपीवर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं : ‘शेपूट कापू नये.’ आणि महत्त्वाचं वाक्य मी तरीही पहिल्या ओळीत लिहितो. शिकलो ते एवढंच, की बातमी भाजी घेणारा जितक्या घाईनं वाचतो तितक्याच घाईनं ती पिकवणाराही वाचतो.

मेथीवर मी अजून काही लिहिलेलं नाही. तो शेतकरी दर बुधवारी फोन करून विचारतो.