कुंपणापलीकडचा गोलकीपर

उसाच्या मळीचा आंबूस वास आला की आजही माझं डोकं तापतं. आमच्या बीडच्या कॉलेजची फुटबॉल टीम दर वर्षी दसऱ्यापर्यंत भल्याभल्यांना भारी पडायची आणि दसऱ्यानंतर पार ढेपाळायची, कारण निम्मी पोरं आईबापासोबत ऊसतोडीला जायची. एका दुष्काळी साली तर गोलकीपरही गेला, आणि तो ज्या सहकारी साखर कारखान्यासाठी ऊस तोडत होता, नेमका त्याच्याच मैदानावर आमचा सामना लागला. आम्ही फडात जाऊन मुकादमाच्या पाया पडलो, "तासाभरासाठी सोडा त्याला." मुकादम खेकसला, "मग गाडी कोण भरील बे, तुझा बॉल?" तिकडं बीडला आम्ही घागरभर पाण्यासाठी भांडत होतो; इथं चेअरमनसाहेबांच्या पांढऱ्या कपड्यांवर धूळ उडू नये म्हणून मैदानावर टँकर ओतला होता. आम्ही सपाटून हरलो. बक्षीस देताना साहेब माईकवर म्हणाले, "बीडच्या पोरांत दमच नाही." तेवढ्यात तारेच्या कुंपणापलीकडून, वजनकाट्याच्या रांगेत थांबलेल्या उसाच्या गाडीवरून आमचा गोलकीपर ओरडला, "दम लई हाय, साहेब! तुमी रोज त्याचंच गाळप करताय!" माईक बंद झाला. परवा कॉलेजात गेलो, तर भिंतीवर टीमचा हंगामवार इतिहास रंगवलेला. त्या सालापुढं लिहिलंय, 'खेळाडूंअभावी पराभव'. अभाव कसला डोंबलाचा! आमचा खेळाडू उसाच्या गाडीवर उभा होता, अख्ख्या मैदानाला दिसत होता.