आईने उचललेला पत्ता

काल माळा आवरताना बिस्किटांचा जुना डबा उघडला आणि व्हार्निशचा वास नाकात गेला. आत माझे जुने पत्ते होते.

कॉलेजात असताना मी टॅरोचे पत्ते स्वतः रंगवले होते, सगळ्यांच्या पाठी एकसारख्या निळ्या. चिंचपोकळीच्या खोलीत खिडकीत वाळत ठेवले होते. आमटी करता करता आईने सूर्याचा पत्ता बाजूला सरकवला आणि त्याच्या पाठीवरच्या ओल्या व्हार्निशवर तिचं हळदीचं बोट उठलं. मी केवढी ओरडले होते तिच्यावर.

त्याच आठवड्यात तिच्या छातीत गाठ लागली. डॉक्टरकडे चल म्हटलं, तर म्हणाली, "आधी तुजे पत्ते काय म्हणतत ता बघूया."

मला कौतुक वाटलं. मी पत्ते पिसून चटईवर पालथे पसरले. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, पत्त्यांकडे नाही. तिने सरळ एक उचलला.

"बघ, सूर्य इलो. आता डॉक्टर कित्याक होयो?"

सूर्य म्हणजे सगळं चांगलं, हे मीच तिला शिकवलं होतं. मी पत्ते गोळा केले आणि पुन्हा डॉक्टरचं नाव काढलं नाही. वर्षभरात ती गेली आणि इतकी वर्षं मी स्वतःला शिव्या घातल्या.

काल पत्ते पुन्हा पालथे पसरले. इतक्या निळ्या पाठींमध्ये तो पिवळा ठसा दारातूनही दिसत होता.

भीती वाटतेय एवढंच म्हणाली असती, तर हाताला धरून नेलं असतं तिला.

सकाळपासून तो ठसा घासतेय. व्हार्निशमध्ये बसलाय, निघत नाही.