लाकडी बैल आणि लोखंडी डायनासोर

हरिहर सर आणि मी एकवीस वर्षं एकाच स्टाफरूममध्ये बसतो. ते संस्कृत शिकवतात, मी गणित. अकोल्याच्या आमच्या शाळेत दोन्ही विषयांना पोरं सारखीच घाबरतात, एवढंच काय ते आमच्यात साम्य. माझं तोंड दिवसभर चालू असतं. सर दिवसाकाठी दहा वाक्यं बोलत असतील, त्यातली सात वर्गात. त्यांनी लग्न केलं नाही. वडील भिक्षुकी करायचे, ते केव्हाच गेले. आई तीन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर सरांच्या डब्यात कधी बिस्किटं, कधी नुसती केळी दिसायला लागली. मला ते दिसत होतं. एरवी दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची मला भारी हौस, पण तेव्हा मी काहीच केलं नाही. त्याची मला लाज वाटते.

जून महिन्यात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. मी दवाखान्यात भेटायला गेले, तर काउंटरवर नर्स फॉर्म हातात धरून वैतागलेली. ‘जवळची व्यक्ती’ या रकान्यात सरांनी सुंदर अक्षरात लिहिलं होतं, ‘देवानंद, अकोट’. फोन नंबरची जागा कोरी. हा माणूस कुठे आहे, त्याला बोलवा, असं नर्स म्हणत होती आणि सर गुन्हेगारासारखे उभे होते. त्यांना शेवटचं कधी भेटलात, असं मी विचारलं. चौथीत, असं उत्तर आलं. सही शेवटी मी केली.

घरी सोडायला गेले तेव्हा मी सगळं खोदून खोदून विचारलं. सरांनी उत्तर द्यायच्या ऐवजी कपाटातून एक खेळणं काढलं. करड्या रंगाचा डायनासोर, वीतभर उंच, हातात घेतला तर चांगला जड. शेपटी दुमडली, मान मागे पाडली, छाती उघडली, की त्याचा यंत्रमानव व्हायचा. सरांच्या एका मामानं तो परदेशातून आणला होता. त्या काळी अशा यंत्रांचं कार्टून होतं आणि मामाकडे त्याची कॅसेटही होती. त्यातला हा डायनासोर डोक्यानं जड, स्वभावानं तापट. सरदाराचा हुकूमही मानायचा नाही, पण दोस्ताच्या अंगावर कुणी आलं की पहिला मध्ये पडायचा. हे सांगताना सरांचा चेहरा नऊ वर्षांचा झाला. एवढं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते.

तेव्हा ते अकोटला राहायचे. देवानंद वर्गातला, माळ्याचा मुलगा. तान्ह्या पोळ्याला सगळी पोरं आपापले लाकडी बैल सजवून मिरवतात. देवानंदकडे एकच बैल होता, शिंग तुटलेला. सरांकडे बैलच नव्हता, डायनासोर होता. मग देवानंदनं डोकं लढवलं. डायनासोरला चाकांच्या फळीवर उभं केलं, पाठीवर झूल टाकली, कामटीचं जू केलं आणि बैलाशेजारी जुंपून टाकलं. अख्खं गाव हसलं. परीक्षकांनी हसत हसतच तिसरा नंबर दिला. मग दोघं जोडी घेऊन सरांच्या घरी गेले आणि आईनं ओवाळलं. पुढच्या वर्षी वडिलांनी बिऱ्हाड अकोल्याला हलवलं.

“तसा दोस्त पुन्हा नाही झाला,” सर म्हणाले. अडतीस वर्षांत एकही नाही, हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की मला गलबलून आलं.

आता मी मूळची अकोटचीच. माझ्या भावाला विचारलं तर दोन मिनिटांत पत्ता लागला. देवानंदचं बाजारात फुलांचं दुकान आहे, शेवंतीची शेतीही आहे. पोळ्याला मी माहेरी जातेच. सरांना म्हटलं, चला. ते नको नको म्हणत राहिले, मी ऐकलं नाही. माझा स्वभावच तसा, एखादी गोष्ट डोक्यात घेतली की दुसऱ्याचा जीव घेऊनच सोडायची. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी सर अकोटच्या स्टँडवर उतरले. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी, पिशवीत डायनासोर. देवानंदनं ओळख दिली नाही तर, असं त्यांनी स्टँडपासून दुकानापर्यंत मला तीनदा विचारलं.

देवानंदनं ओळख दिली. हातातला हार खाली ठेवला, खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. पण तो “या सर, बसा” म्हणाला तेव्हाच मला चुकचुकल्यासारखं झालं. सर त्याला देवा म्हणत होते, अरेतुरे करत होते, आणि तो तुमी-तुमी करत होता. समोरून पोरं बैल ओढत चालली होती. सरांनी पिशवीतून डायनासोर काढून फुलांच्या टोपल्यांमध्ये ठेवला आणि आपली जोडी आठवते का म्हणून विचारलं.

देवानंदनं डायनासोर उचलला, उलटासुलटा पाहिला आणि जपून परत ठेवला.

“मले सारं आठोते, सर,” तो म्हणाला. “जोडी घेऊन आपण तुमच्या दारात आलो. तुमची आई सोवळ्यात होती. तिनं तुमच्या डायनासोरले पायरीवर घेतलं, कुंकू लावलं, ओवायलं. माह्या बैलाले खालीच थांबवलं. मले करंजी देली ते वरूनच टाकली. ते मातीत पडली. उचल म्हणे.”

सरांनी डायनासोर उचलून पिशवीत ठेवला.

“तुमी तिथंच होते. जोडीची दोरी तुमच्या हातात होती.”

हे तो रागानं बोलला नाही, हेच वाईट. रागानं बोलला असता तर मी भांडले तरी असते. सर उठून उभे राहिले आणि म्हणाले, देवा, चुकलं. देवानंदनं त्यांना पुन्हा बसवलं. आपण दोघंही तेव्हा लहान होतो, आता मनात काही नाही, असं म्हणाला. चहाचा कप स्वतःच्या हातानं त्यांच्या हातात दिला. सरांनी तो सगळा प्यायला. निघताना सरांनी फोन नंबर मागितला. देवानंदनं गल्ल्यातलं दुकानाचं कार्ड दिलं.

“फुलं लागले त फोन करा. पण ते जोडी नव्हती, सर,” तो म्हणाला आणि पुन्हा हार ओवायला बसला.

मी माहेरचं जेवण सोडून सरांबरोबर अकोल्याच्या बसमध्ये बसले. त्यांना एकटं पाठवायची माझी हिंमत झाली नाही. मला माझाच राग आला होता. सुखानं एक आठवण धरून बसलेल्या माणसाला मी ओढत नेलं आणि त्याची तेवढीही शिल्लक घालवून आले, असं वाटत होतं. बस अर्ध्या वाटेवरच्या चोहोट्टा बाजारला पोहोचली. शेवटी मीच म्हटलं, सर, मनाला लावून घेऊ नका, नऊ वर्षांच्या पोराला असलं काय कळतं, तुम्हाला तर ते आठवतही नव्हतं.

पिशवी त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. ते माझ्याकडे न बघता बोलले.

“मला आठवत होतं, मॅडम. मला वाटायचं, त्याला आठवत नसेल.”